जुनी कॅम्पर व्हॅन घाटात पुन्हा पुन्हा गरम होतेय? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

कसारा घाट निम्मा चढून झाला की तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. गाडी कडेला घ्यायची, थंड होऊ द्यायची, पाणी घालायचं आणि पुढे निघायचं. घरी परतल्यावर पहिल्या गॅरेजात थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाकतात. दुसऱ्या ठिकाणी वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलतात. तिसरा मिस्त्री म्हणतो रेडिएटर चोक आहे, रॉडिंग करून घ्या. प्रत्येक कामानंतर गाडी काही दिवस बरी चालते, कारण प्रत्येक वेळी सिस्टिम नव्याने काठोकाठ भरलेली असते. मग मे महिना येतो, सामान आणि माणसं भरली जातात, आणि त्याच वळणावर पुन्हा वाफ निघते.

हे चक्र तुटत नाही याचं कारण बहुतेकदा एकच असतं. मिस्त्रीला आपण सांगतो की गाडी गरम होते. ती केव्हा गरम होते ते आपण सांगत नाही, तोही विचारत नाही. सिग्नलला उभी असताना, चढावर, हायवेला वेगात की बंद केल्यावर, या एका माहितीवर निम्मं निदान होतं आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

मी इथे मुख्यतः जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅम्परबद्दल लिहितोय. १९८७पासून आपल्या रस्त्यांवर असलेली ही गाडी मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनवर बेतलेली आहे, आणि जुन्या मॉडेलांची डिझेल इंजिनं मर्सिडीजच्या ओएम-६१६ या घराण्यातली. साधी, दणकट, तालुक्याच्या गावीही दुरुस्त होणारी. विंगर असो किंवा जुनी मॅटाडोर, पाण्यावर थंड होणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्या व्हॅनला खालचं बहुतेक सगळं लागू पडतं.

कॅम्परचं दुखणं टूरच्या गाडीपेक्षा वेगळं का

टूरची गाडी रोज पळते. कॅम्पर मात्र वर्षातले कित्येक महिने सोसायटीच्या कोपऱ्यात उभी असते. उभ्या गाडीत कूलंटमधली गंजरोधक रसायनं हळूहळू संपतात, पाण्याच्या पंपाचं सील एकाच जागी बसून कोरडं पडतं, होजचं, म्हणजे पाण्याच्या जाड नळ्यांचं, रबर कडक होतं आणि रेडिएटरच्या तळाशी गाळ बसतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या जाळीत उंदरांनी चिंध्या भरून ठेवल्याचंही पाहिलंय. म्हणून ‘गाडी फार चालली नाही’ हा कूलिंगच्या बाबतीत दिलासा समजू नका. पंप, होज आणि कूलंट यांचं वय किलोमीटरवर मोजता येत नाही, वर्षांवर मोजावं लागतं.

दुसरी गोष्ट वजनाची. १९ मिलीमीटरचा आठ बाय चार प्लाय एक अख्खा शीट सुमारे ३०-३५ किलोचा असतो. बेड, कपाटं, किचनचा ओटा मिळून असे पाच-सहा शीट सहज जातात. त्यात शंभर लिटर पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो, शिवाय बॅटऱ्या, सिलिंडर, छतावरचं कॅरिअर. टूरची गाडीही भरलेली असते, पण तिच्यातली माणसं उतरतात. कॅम्परचा बोजा उतरतच नाही. एकदा वजनकाट्यावर गाडी नेऊन आरसीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. बोजा मर्यादेबाहेर असेल तर नवा रेडिएटर टाकूनही घाटात काटा चढणारच, आणि त्याहून वाईट म्हणजे उताराला ब्रेक कमी पडतील.

तिसरी गोष्ट पुढच्या तोंडाची. हौसेने लावलेला जाड बुलगार्ड, दिव्यांची रांग, ग्रिलसमोर टांगलेली स्टेपनी किंवा सायकल, यातली प्रत्येक वस्तू रेडिएटरची हवा अडवते. गाडी गरम होत असेल तर सगळ्यात आधी हे उतरवून एक घाट चढून पाहा.

केव्हा गरम होते?

ट्रॅफिकमध्ये किंवा एसी लावून उभी असताना काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की खाली येतो, तर दोष हवेत आहे. फॅन, त्याचा क्लच किंवा रिले, फॅनभोवतीचं काऊल, नाहीतर एसीच्या कंडेन्सरमध्ये अडकलेला कचरा. पाण्याच्या बाजूला हात लावायची गरज नाही.

उभी असताना ठीक, पण चढावर किंवा हायवेला ७०-८०च्या वेगात काटा हळूहळू चढतो आणि वेग कमी केला की उतरतो, तर दोष पाण्याच्या प्रवाहात किंवा रेडिएटरच्या क्षमतेत आहे. चोक झालेल्या नळ्या, झिजलेला पंप, घसरणारा बेल्ट, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, खालचा होज. ही तक्रार गॅरेजच्या अंगणात कधीच सापडत नाही, कारण तिथे इंजिनावर बोजाच नसतो. याच प्रकारात एक बाहेरचं कारणही बसतं: चिकटलेला ब्रेक. सपाटीवर दहा किलोमीटर चालवून, ब्रेक फारसा न दाबता गाडी थांबवा आणि चारही चाकांचं तापमान पाहा. एक चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम असेल तर इंजिन त्या ब्रेकशी झुंजतंय.

सकाळी गार इंजिन चालू केल्यावर काही मिनिटांतच काटा उसळतो, कधी झटक्यात खाली पडतो, हीटरमधून गरम वारा येतो आणि मध्येच थंड होतो, तर पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. पाणी पुरेसं भरून, हवा काढूनही तेच होत असेल तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलकडे, संशय वळवा.

गाडी चालताना काटा नीट, पण मुक्कामी पोचून इंजिन बंद केलं की पाच मिनिटांनी कूलंटच्या टाकीतून पाणी बाहेर फेकलं जातं, ही तक्रार बहुधा रेडिएटरच्या झाकणाची असते. इंजिन बंद होताच पंप थांबतो, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता पाण्यात उतरतच राहते. त्या वाढत्या तापमानाला दाब धरून ठेवणारं झाकण लागतं.

आणि हेडलाइट किंवा ब्लोअर लावला की काटा वर जात असेल, तर इंजिन गरमच नाही. मीटरची किंवा इंजिनाची अर्थिंग सैल आहे. जुन्या गाडीत इन्व्हर्टर, सोलर आणि दुसऱ्या बॅटरीचं वायरिंग नंतर घातलेलं असतं, त्यामुळे कॅम्परमध्ये हे जास्त दिसतं. अर्थिंगची तार सोडवून, खरवडून घट्ट आवळा.

काट्यावर किती विश्वास ठेवावा

तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी इतकं उतरलं की सेन्सर वाफेत उघडा पडतो, आणि मग काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. चालकाला वाटतं गाडी थंड झाली, आणि त्याच वेळी हेड भाजत असतं. घाटात काटा वर जाऊन अचानक उतरला आणि त्याच वेळी हीटरचा वारा गार झाला, तर लगेच थांबा. मोठ्या प्रवासाला निघण्याआधी पाण्याची पातळी कमी झाल्याचा बझर बसवून घ्या. साधं काम आहे, आणि हेडच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटर गन मात्र प्रत्येक जुन्या व्हॅनवाल्याकडे असावी. इंजिन पुरतं तापल्यावर वरच्या होजवर आणि खालच्या होजवर रोखा. खालचा वरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी थंड असणं निरोगीपणाचं लक्षण. दोन्हींत काहीच फरक नसेल तर रेडिएटर उष्णता सोडत नाही, म्हणजे हवा नाही. खालचा जवळजवळ गार असेल तर पाणी फिरतच नाही. मग रेडिएटरच्या जाळीवर गन सावकाश फिरवा. मध्येच थंड पट्टे सापडले तर त्या नळ्या बंद आहेत. चकचकीत धातूवर गन चुकीचं वाचते, म्हणून काळ्या रबरावर किंवा काळ्या रंगावर मोजा.

झाकण: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिटीचंच काम करतं: आत दाब धरायचा आणि ठरलेल्या मर्यादेपुढे सोडायचा. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं. झाकणाने ०.९ बार दाब धरला तर तेच पाणी सुमारे ११९ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर १२५च्याही पुढे जातं. झाकण सैल झालं की हा सगळा जादा वाव हातातून जातो.

उंचीवर ही बाब आणखी कडक होते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर येणारी गाडी जसजशी दमते तसतशी पाण्याची सहनशक्तीही कमी होत जाते. लडाखचा बेत असेल तर याकडे डोळेझाक करूच नका. तांगलांग ला सुमारे ५,३०० मीटरवर आहे, आणि तिथे दाबाविना पाणी ८३ अंशांच्या आसपास उकळतं. बऱ्याच इंजिनांचा थर्मोस्टॅट त्या तापमानाला उघडायला जेमतेम सुरुवात करतो. शिवाय विरळ हवेत फॅन तितकाच फिरला तरी उष्णता कमी वाहून नेतो. तिथे निकामी झाकण घेऊन गेलेली गाडी नव्या रेडिएटरनेही वाचणार नाही.

इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढा आणि उलटं धरा. मोठी रबरी चकती बोटाने दाबून पाहा. ती कडक झाली असेल, तिच्यावर रेडिएटरच्या ओठाचा खोल गोल वळ उमटला असेल किंवा कडेला बारीक चिरा दिसत असतील तर झाकण संपलं. मग मधल्या छोट्या झडपेची पितळी टिकली नखाने हलकेच ओढा. ती उघडून परत टपकन बसली पाहिजे. इंजिन थंड होताना बाहेरच्या, जादा कूलंट साठवणाऱ्या बाटलीतलं कूलंट याच वाटेने परत आत येतं. ही झडप चिकटली तर गार गाडीचा वरचा होज चपटा झालेला दिसतो, आणि बाटली भरलेली असूनही रेडिएटर रिकामा राहतो. पातळी फक्त बाटलीवर बघणारे इथेच फसतात. नवं झाकण घेताना जुन्यावर छापलेला दाबाचा आकडा जुळवून घ्या. जास्त दाबाचं झाकण लावून उपयोग नाही. जुने होज आणि हीटरची जाळी तो दाब सोसत नाहीत.

रोज थोडं पाणी कमी होतंय पण गळती दिसत नाही, अशा वेळी प्रेशर टेस्टर असलेलं गॅरेज शोधा. गार इंजिनावर पंपाने झाकणाच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि १०-१५ मिनिटं काटा पाहायचा. तो पडत असेल तर टॉर्च घेऊन शोधा: वॉटर बॉडीखालचं बारीक भोक, हीटरचे होज, होजच्या क्लिपा, केबिनमधला पुढच्या सीटखालचा गालिचा. पाणी दिसलं नाही तरी वाळलेली हिरवट किंवा गुलाबी पापडी दिसते. गरम इंजिनावर थेंब पडताक्षणी उडून जातो, मागे एवढी खूण राहते.

‘व्हॉल्व्ह काढून टाका’

हा सल्ला इतक्या आपुलकीने दिला जातो की नाकारायला जड जातं, तरी नाकारा. थर्मोस्टॅट फक्त रेडिएटरची वाट उघडत नाही. बऱ्याच डिझेल इंजिनांत त्याला खाली दुसरी चकती असते. इंजिन तापलं की तीच बायपासची वाट बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे जायला भाग पाडते. व्हॉल्व्ह काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. तापलेलं पाणी रेडिएटरला न भेटताच पुन्हा इंजिनात फिरतं. सपाटीवर गाडी गरजेपेक्षा थंड चालते, धूर मारते, डिझेल जास्त पिते आणि सिलिंडर झिजवते. ज्या घाटासाठी व्हॉल्व्ह काढला त्याच घाटात मात्र ती आधीपेक्षा लवकर तापते.

जुना व्हॉल्व्ह तपासायला भांडं, पाणी, थर्मामीटर आणि गॅसची शेगडी पुरते. दोऱ्याने टांगून पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि तापवत जा. अंगावर छापलेल्या अंशाच्या आसपास तो हलायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. उशिरा उघडतो, अर्धवट उघडतो किंवा गार झाल्यावर पूर्ण मिटत नाही, तर बदला. नवा आणलेलाही बसवण्याआधी याच भांड्यात बघून घ्यावा.

फॅन आणि काऊल

व्हिस्कस फॅन (तापल्यावर आपोआप घट्ट पकडणाऱ्या क्लचचा) असेल तर इंजिन बंद असताना हाताने फिरवून पाहा. गार असताना तो हलक्या अडथळ्याने फिरतो. इंजिन पुरतं तापवून, बंद करून पुन्हा पाहा. आता त्याने चांगलाच प्रतिकार केला पाहिजे. तापूनही भिंगरीसारखा फिरत राहिला तर क्लच गेलाय. बऱ्याचदा मध्यभागातून तेलाचे चट्टे बाहेर पसरलेले दिसतात. बोल्ट मारून फॅन कायमचा जाम करण्याची पद्धत आहे. अडलेल्या प्रवासात घरी पोचायला ठीक, पण तसाच ठेवू नये. वेगात पात्यांवर ताण येतो आणि आवाज व डिझेल दोन्ही वाढतं.

इलेक्ट्रिक फॅन नंतर बसवलेला असेल तर तो फिरतो की नाही एवढं पाहून थांबू नका, हवा कुठे फेकतो ते पाहा. गाडी उभी ठेवून फॅन चालू असताना ग्रिलसमोर वर्तमानपत्राचं पान धरा. ते जाळीकडे खेचलं गेलं तर बरोबर. बाहेर ढकललं गेलं तर वायरी उलट जोडल्या आहेत, आणि हायवेला समोरची हवा व फॅन एकमेकांना अडवतायत.

काऊल तुटलं म्हणून काढून ठेवलेल्या गाड्या खूप दिसतात. काऊल नसेल तर फॅन जाळीतून हवा खेचण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळतो. रेडिएटरच्या कडेच्या फटीही फोमच्या पट्ट्यांनी बुजवा, हवा नेहमी सोपी वाट धरते. केबिनमधल्या इंजिनाच्या कव्हरवर आवाज कमी व्हावा म्हणून जाड फोम चिकटवताना गरम हवा खाली बाहेर पडायची वाट बंद होणार नाही, एवढं पाहा.

खालचा होज: जो कुणीच बघत नाही

माझ्या व्हॅनची तक्रार हायवेची होती. सिग्नलला, गावात, अगदी एसी लावून उभी असतानाही काटा हलायचा नाही. वेग ७५च्या पुढे गेला की दहा मिनिटांत चढायचा. रेडिएटर नुकताच साफ झालेला, पंप नवा, व्हॉल्व्ह भांड्यात तपासलेला. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी गाडी अंगणात उभी करून एकाला ॲक्सिलरेटर दाबायला बसवलं आणि स्वतः टॉर्च घेऊन खाली वाकले. आयडलला होज गोल होता. आरपीएम तीन हजाराच्या घरात गेला तसा तो आमच्या डोळ्यांदेखत मधोमध आत ओढला जाऊन चपटा झाला. आरपीएम उतरला, होज परत गोल.

खालच्या होजमधून पंप पाणी ओढतो, म्हणून तिथे दाबाऐवजी खेच असते. ती सोसायला आत तारेची स्प्रिंग असते. माझ्या होजमधली स्प्रिंग गंजून तिचे तुकडे पडले होते. होज कापला तेव्हा आतून तपकिरी चिखल आणि तारेचे काटे निघाले. बाहेरून मात्र रबर काळं, मऊ आणि नवं दिसत होतं.

नवा होज घेताना आत बोट घालून स्प्रिंग किंवा तितकं जाड विणकाम आहे की नाही पाहा. स्थानिक दुकानांत बिनस्प्रिंगचा होज सहज हातात देतात. तुमच्या मॉडेलला स्प्रिंग होती का, ते जुन्या होजवरूनच कळतं, म्हणून तो कापून पाहिल्याशिवाय टाकू नका. वरचा होज मात्र गाडी पुरती गार असताना दाबून पाहा: करकरला, टोकाला फुगला किंवा तेलाने मऊ पडला असेल तर दोन्ही एकदमच बदला.

पाणी, कूलंट आणि रेडिएटर

मराठवाड्यात, सोलापुरात, पुण्याच्या कित्येक सोसायट्यांत बोअरचं पाणी इतकं जड असतं की बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. तोच थर इंजिनात सगळ्यात तापणाऱ्या जागी, हेडच्या आतल्या वाटांत बसतो आणि उष्णता धातूतून पाण्यात जाऊ देत नाही. मग रेडिएटर नवा असला तरी हेड तापतच राहतं. भरायला बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरा. नडीला रस्त्यात कुठलंही स्वच्छ पाणी चालतं, पण घरी आल्यावर ते काढून टाका.

कूलंट महाराष्ट्रात गोठणं टाळण्यासाठी लागत नाही, तरी गंज थांबवायला आणि उकळबिंदू वाढवायला लागतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे प्रमाण उणे ३७ अंशांपर्यंत गोठू देत नाही, म्हणजे लडाखलाही पुरतं. नुसतं कूलंट भरणं चूक आहे, कारण उष्णता वाहण्यात पाणी त्याच्यापेक्षा सरस आहे. रंगावरून जात ओळखू नका, कंपन्या रंग आपल्या मर्जीने घालतात. दोन जातींचं मिश्रण आत जेलीसारखं घट्ट होऊ शकतं. आधी काय भरलंय माहीत नसेल तर सगळं काढून, धुऊन, एकाच जातीचं भरा. जुन्या हिरव्या प्रकारचं आयुष्य साधारण दोन वर्षं, नव्या ऑरगॅनिक प्रकारचं पाचच्या आसपास, आणि गाडी उभी होती म्हणून ते वाढत नाही.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय ट्रकवाल्यांत जुना आहे. ती भोकाशी फुगून गळती अडवते हे खरं, पण रेडिएटरच्या आणि हीटरच्या अरुंद नळ्यांनाही तितक्याच इमानाने अडवते. आड रानात दुसरा मार्ग नसेल तर टाका, आणि पहिल्या गावात सिस्टिम धुऊन घ्या. तयार लीक स्टॉप पावडरींचंही तेच.

तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर तो जपा. चांगला रेडिएटरवाला वरची-खालची टाकी उकलून एकेक नळी रॉडने साफ करतो आणि पुन्हा डाग देतो. ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकची टाकी असलेल्या रेडिएटरला हा इलाज नीट होत नाही. त्याच्या टाकीच्या सांध्यावर बारीक चीर दिसली की तो बदलणंच शहाणपणाचं. जाळी बाहेरून धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, कमी दाबाने. प्रेशर वॉशरने जाळीचे पातळ पत्रे वाकतात आणि कचरा आणखी आत रुततो. कोकणात समुद्राकाठी मुक्काम केला असेल तर परतल्यावर जाळी गोड्या पाण्याने धुवाच. खारी हवा आधी पत्रे खाते, मग नळ्या.

हेड गॅस्केट: घाबरण्याआधी खात्री करा

सगळं ठीक असून पाणी संपत असेल, सकाळी गार इंजिन चालू करून दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसत असेल, तर गॅस्केट गेलेलं असू शकतं. घरी करता येणारी चाचणी अशी: गार इंजिन, रेडिएटर काठोकाठ भरलेला, झाकण लावलेलं. बाटलीकडे जाणारी नळी काढून पाण्याने अर्ध्या भरलेल्या पारदर्शक बाटलीत बुडवा आणि इंजिन चालू करा. पाणी तापायच्या आतच बुडबुडे सतत येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

हेड काढावंच लागलं तर लेथवाल्याकडून पट्टी लावून वाक तपासा, आणि चिरांसाठी दाब देऊन तपासणी करून घ्या. नुसतं गॅस्केट बदलून वाकलेलं हेड परत बसवलं तर पुढच्या उन्हाळ्यात तेच काम दुसऱ्यांदा करावं लागेल. आणि ज्या कारणाने गाडी तापून गॅस्केट गेलं ते कारण शोधल्याशिवाय इंजिन बांधू नका.

घाटात काटा चढायला लागला तर

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगाने लावा. मे महिन्यात नकोसं होतं, पण तो एक जादा छोटा रेडिएटरच आहे. वरच्या गिअरमध्ये रेटत नेऊ नका. एक गिअर खाली घ्या, म्हणजे पंप आणि फॅन वेगाने फिरतील, आणि ॲक्सिलरेटर हलका ठेवा.

तरीही काटा चढला तर सुरक्षित जागी थांबा. पाणी शाबूत असेल, वाफ नसेल, तर इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलमध्ये हजार-बाराशे आरपीएमवर चालू ठेवा, दोन-तीन मिनिटांत काटा उतरायला लागतो. वाफ येत असेल, पाणी गळत असेल किंवा हीटर गार झाला असेल तर मात्र तात्काळ बंद करा, कारण फिरवायला आत पाणीच उरलेलं नाही.

मग किमान अर्धा-पाऊण तास थांबा. गरम झाकण कपडा धरूनही उघडू नका. दाब सुटताच शंभराच्या वरचं पाणी एका क्षणात वाफ होऊन उसळतं, आणि तोंड-हात भाजल्याच्या घटना अशाच घडतात. मुलांना गाडीपासून लांब बसवा. होज हाताने दाबला जाईल इतका मऊ झाला की झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, उरलेला दाब जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्याने हेडला चीर जाते, तेव्हा पाणी थोडं थोडं घाला आणि इंजिन चालू ठेवून घाला.

गाडीत कायम राहू द्या: दहा लिटर पाणी, वरचा आणि खालचा होज, चार क्लिपा, फॅन बेल्ट, एक झाकण, फॅनचा रिले, एम-सील, जाड हातमोजे. हे सगळं स्टेपनीजवळच्या एका पेटीत मावतं.

भरताना हवा काढणं

दुरुस्ती नीट होऊनही गाडी तापत असेल तर बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आणि फनेलने सावकाश भरा. इंजिन आयडलवर ठेवून वरचा होज अधूनमधून दाबत राहा, बुडबुडे वर येतील. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा आणि झाकण लावा. मागच्या केबिनला वेगळा हीटर जोडलेला असेल तर त्याची लांब पाइपलाइन हवा धरून ठेवते. तिच्या सगळ्यात उंच जागी हवा सोडायचा स्क्रू बसवून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर रेडिएटर उघडून पातळी पाहा आणि बाटलीवर मार्करने रेघ मारा. पहिली चाचणी घराजवळच्या छोट्या चढावर रिकाम्या गाडीने, दुसरी पूर्ण सामान भरून. रेघ दोन्ही वेळा जागेवर राहिली तरच लांबचा घाट धरा. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. सांडलं असेल तिथे भरपूर पाणी मारून जमीन धुवा, आणि उरलेलं झाकणाच्या कॅनमध्ये भरून, कॅनवर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहून, जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारून तिथे द्या.